चौल ते जंजिरा : फोटोत न मावणारा किनारा

‘जंजिरा’ म्हणजे बेट. अरबीतला ‘जझीरा’ कोकणात आला, इथल्या खाऱ्या हवेत मुरला आणि ‘जंजिरा’ झाला. हा शब्द एका किल्ल्यापुरता राहिला नाही. समुद्रातल्या कुठल्याही किल्ल्याला मराठीत जंजिरा म्हणू लागले. ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असे उल्लेख मराठ्यांच्या कागदपत्रांत भेटतात. मुरुडच्या ज्या बेटासाठी मराठे आणि सिद्दी पिढ्यानपिढ्या झगडले, त्याच्या नावातला शब्द मराठीने आपल्या किल्ल्यांच्या नावांतही बिनदिक्कत वापरला. शब्दांना तहाची गरज लागत नाही.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्यामुळे असा शब्द भेटला की माझं पाऊल तिथे थोडं रेंगाळतं. मागच्या डिसेंबरात शाळेच्या प्रदर्शनासाठी ‘आपला किनारा’ हा विषय माझ्याकडे आला. दहा फोटो हवे होते, खाली चार-चार ओळींची माहिती. इंटरनेटवरून फोटो उतरवून घेणं सोपं होतं, पण तिथे सगळीकडे एकच चित्र मिळतं : निळं पाणी, मध्ये काळी तटबंदी, वर फडकतं काहीतरी. शिवाय हा धडा आला की वर्गातलं कुणी ना कुणी एक प्रश्न विचारतंच : “टीचर, जंजिरा आपला की त्यांचा?” या प्रश्नातला ‘आपला’ म्हणजे कोणाचा, हे विचारणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. पण प्रश्न त्याने कुठून तरी ऐकलेला असतो. त्याचं उत्तर मला पुस्तकातून वाचून दाखवायचं नव्हतं. म्हणून एका रविवारी बहिणीचा कॅमेरा घेतला, तिच्या मुलाला गाडी चालवायला घेतलं आणि अलिबागहून मुरुडपर्यंतचा किनारा एका दिवसात पाहायचं ठरवलं.

पहाटे अलिबागला पोचलो तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. ओल्या वाळूत तटबंदीचं प्रतिबिंब पडलेलं, त्यामुळे पहिला फोटो आपोआपच चांगला आला. या किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झालं आणि संभाजीराजांच्या काळात पुरं झालं. पुढे तो सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मुख्य ठाणं बनला. आत पेशवाईतलं गणपतीचं मंदिर आहे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडे लोक येतात. किल्ला बघायला आलेला माणूस बहुधा दोन्हीकडे हात जोडतो आणि पुढे जातो.

गावात परतताना इस्रायल आळीतून आलो. इथलं ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग १८४८ चं. बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा अशी, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांनी इथे तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. त्यांनी मराठी इतकी आपली केली की आडनावंही गावांवरून घेतली : रोहेकर, पेणकर, नवगावकर. आम्हा कोकणी मुसलमानांची कितीतरी आडनावंही याच रीतीने बनलेली आहेत. मागे फक्त गाव आणि ‘कर’. समाजातले बहुतेक लोक पुढे इस्रायलला गेले, तरी तिथूनही त्यांनी ‘मायबोली’ या नावाचं मराठी नियतकालिक काढलं. सिनेगॉगचा फोटो मी रस्त्यावरूनच घेतला. घाण्याचा फोटो मात्र मिळणार नव्हता, कारण घाणेच उरले नाहीत.

अलिबागपासून साधारण सोळा-सतरा किलोमीटरवर चौल आणि त्याला लागून रेवदंडा. खरं सांगायचं तर चौलमध्ये फोटो काढण्यासारखं फारसं नाही. नारळ-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणारा अरुंद रस्ता, रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पुष्करणी, झाडोऱ्यात लपलेली जुनी मशीद आणि हमामखाना. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्यांची दशा केली. उंच पोफळी होत्या तिथे अजूनही मध्येच आभाळ दिसतं. माझा भाचा गाडीला टेकून म्हणाला, “खाला, इथे कशाचा फोटो काढणार? इथे तर काहीच नाही.”

‘काहीच नाही’ अशा या जागेचा मी फोटो काढला, आणि दहा फोटोंत मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण या वाड्यांखाली दोन हजार वर्षांचं बंदर आहे. ग्रीक लेखकांनी ज्याला सेमुल्ला किंवा सिमुल्ला म्हटलं, अरबांनी ज्याला सैमूर म्हटलं, ते हेच चौल. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, इथे आला होता. तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूटांची सार्वभौम सत्ता होती. मसूदीने लिहून ठेवलं आहे की सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी होते आणि इथेच जन्मलेलेही होते. इथे जन्मलेल्यांना तो ‘बयासिरा’ म्हणतो. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच या किनाऱ्यावर असे मुसलमान होते ज्यांना परतीचा देश नव्हता. त्यांचा देश हाच होता.

मसूदी आणखी एक गोष्ट सांगतो. मुसलमानांचे आपसातले तंटे आणि व्यवहार पाहण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. उर्दू शिकलेल्या कुणालाही इथे ‘हुनरमंद’ आठवेल. त्या वेळी या पदावर असलेल्या माणसाचं नाव मसूदीने अबू सईद मारूफ बिन झकरिया असं दिलं आहे. हिंदू राजा, अरबी नावाचा अधिकारी, फारसी वळणाचं पद आणि मराठी मुलखातलं बंदर. ही काही कुणाची मेहेरबानी नव्हती. बंदर चालायचं असेल तर परक्या माणसाला न्याय मिळेल, त्याचा माल सुरक्षित राहील, ही खात्री द्यावीच लागते. ज्या राजाने ती दिली, त्याच्या जकातीत भर पडली.

अशीच दुसरी साक्ष याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाकडून मिळते. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. मसूदीच्या भेटीनंतर जेमतेम दहा वर्षांनी कोरलेला. त्यात संजाण मंडळाचा कारभार पाहणाऱ्या, राष्ट्रकूटांनी नेमलेल्या एका ‘ताजिक’, म्हणजे अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. संस्कृतात त्याचं नाव ‘मधुमति’ असं येतं. मुहम्मदचं मधुमति! त्याने काय केलं? नदी ओलांडण्यासाठी फुकट तर चालू केली, वाटसरूंसाठी अन्नछत्र काढलं आणि त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठाला जमीन दिली गेली. संस्कृत लिहिणाऱ्याला हे नाव आपल्या लिपीत बसवताना काही अडचण वाटली नाही, आणि त्या अधिकाऱ्यालाही मधुमति म्हणवून घेण्यात काही कमीपणा वाटला नसावा.

आता प्रश्न असा, की असं चौल नाहीसं कसं झालं? त्याचं उत्तर शेजारच्या रेवदंड्यात दगडांच्या रूपाने उभं आहे. १४७० च्या आसपास रशियातल्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. तो इथून जुन्नरला गेला, तेव्हा तिथल्या बहामनी अधिकाऱ्याने त्याचा घोडा जप्त केला आणि धर्म बदलला तर घोडा आणि वर पैसे देतो म्हणाला. मग एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली करून त्याचा घोडा सोडवून दिला. जबरदस्ती करणारा मुसलमान आणि वाचवणाराही मुसलमान. इतिहास असा एकरंगी नसतो. याच निकितिनचं प्रवासवर्णन रशियन भाषेत आहे, पण मध्येच तो तुर्की, फारसी, अरबी मिसळून लिहितो. बंदरातली बोली त्याच्या लेखणीत उतरली होती.

त्यानंतर तीस-चाळीस वर्षांत या समुद्राचे नियम बदलले. तोवर व्यापारी जकात देऊन बंदरातून बंदरात जात. पोर्तुगिजांनी समुद्रच आपल्या मालकीचा ठरवला. त्यांचा परवाना नसेल ते जहाज लुटलं जाऊ लागलं. १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि गुजरातचा मलिक अयाझ यांनी मिळून चौलच्या खाडीत पोर्तुगिजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो तिथे मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांनी त्याचा बदला घेतला, आणि नंतर निजामशाहीच्या परवानगीने रेवदंड्याला आपलं ठाणं बांधलं. १५७०-७१ मध्ये निजामशहाने या ठाण्याला महिनोन् महिने वेढा घातला, तोही वाया गेला. पुढे सुरत वाढली, नंतर मुंबई वाढली. लढाया आणि परवान्यांनी घायकुतीला आलेला व्यापार तिकडे वळला. ज्याने सैमूरला मोठं केलं होतं तो भरवसाच उरला नाही, तेव्हा बंदराची वाडी झाली.

रेवदंड्याच्या तटावरून खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. पूल ओलांडून गेलो तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. फोटोसाठी ही सर्वांत वाईट वेळ, कारण सगळं सपाट दिसतं. म्हणून कॅमेरा पिशवीत ठेवला आणि गावात फिरलो. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने इथे किल्ला बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगिजांनी तो जिंकला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यांची भाषा मात्र गेली नाही. कोर्लईतले ख्रिस्ती लोक आजही घरात पोर्तुगीजमधून तयार झालेली एक बोली बोलतात. ती बोलणारे थोडेच आहेत, सगळे मिळून हजाराच्या आसपास. त्या बोलीतले शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची रचना मराठीसारखी : क्रियापद शेवटी. चर्चजवळ मासे सुकत घालणाऱ्या एका आजींना मी विचारलं, “आजी, घरात कुठली भाषा बोलता?” त्या मराठीत म्हणाल्या, “आमची.” मग हसून म्हणाल्या, “बाहेर मराठी, घरात आमची. पोरं आता मोबाइलवर भलतंच काहीतरी बोलतात.” फोटो काढू का, असं विचारल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. मी सुकत घातलेल्या माशांचा काढला.

काशीद, नांदगाव करत मुरुडला पोचेपर्यंत तीन वाजले. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत तो बुरुजांमधून दिसत नाही. होडीतल्या गाईडला २२ हा आकडा फार आवडत होता. २२ एकर, २२ वर्षं, २२ बुरूज. लोक माना डोलावत होते. पण त्याने एक महत्त्वाची गोष्ट वगळली : या बेटावरची पहिली तटबंदी ना मराठ्यांची होती, ना सिद्दींची. ती कोळ्यांची होती. चाच्यांपासून रक्षण करण्यासाठी राम पाटील या कोळी पुढाऱ्याने इथे लाकडी मेढेकोट उभारला होता. निजामशाहीच्या बाजूने आलेल्या सिद्दी पिरमखानाने तो कपटाने घेतला. दगडी कोट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला.

सिद्दी म्हणजे कोण, हेही वर्गात सांगावं लागतं. ते हबशी, आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेले. त्यांच्यातले कितीतरी लोक गुलाम म्हणून विकले जाऊन याच समुद्रावरून दख्खनेत आले होते. तिथून ते सरदार झाले, आरमाराचे प्रमुख झाले, शेवटी एका संस्थानाचे नबाब झाले. या मुलखाला मराठीत ‘हबसाण’ म्हणत. त्यांनी निजामशाहीची चाकरी केली, मग आदिलशाहीची, मग मोगलांची. शिवाजी महाराजांनी जंजिरा घेण्याचे वारंवार प्रयत्न केले आणि जवळच्याच बेटावर पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजीराजांनी खाडीत भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, पण मोगल फौज कोकणात उतरल्याने तो अर्धवट राहिला. जंजिरा शेवटपर्यंत कुणालाच जिंकता आला नाही. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं तेव्हाच सिद्दींची सत्ता संपली.

आता तो प्रश्न : आपला की त्यांचा? हा प्रश्न धर्माच्या फूटपट्टीने मोजायला गेलं की पट्टीच मोडते. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांमध्ये मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रज आणि सिद्दी यांच्याशी झालेल्या झगड्यात दौलतखान मराठ्यांच्या बाजूने लढले. जंजिऱ्याला शिड्या लावण्याचं धाडस करणारे लाय पाटील कोळी होते, आणि मूळ कोट बांधणारे राम पाटीलही कोळीच. हा सत्तेचा, जकातीचा आणि दर्यावरच्या हुकमतीचा झगडा होता.

पण म्हणून सिद्दींची बाजू गोड करून सांगणंही मला पटत नाही. त्यांच्या स्वाऱ्यांनी कोकणातली गावं जळाली, माणसं पकडून नेली गेली. १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने त्याला ठार केलं. हे मी उर्दू शाळेतल्या मुलांना सांगते, आणि आवाज न चढवता सांगते. सिद्दी सातच्या कृत्याचं उत्तर माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुलाने द्यायचं नाही, आणि दौलतखानाच्या पराक्रमाची पावती दाखवून त्याने आपलं इमान सिद्ध करायची गरजही नाही. त्याला फक्त दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्यात. अर्धीच ठाऊक असली की माणूस एक तर मान खाली घालतो, नाहीतर उगाच छाती फुगवतो. दोन्हींत शिकणं राहून जातं.

तटावर चढल्यावर सगळेजण तोफांजवळ उभे राहून फोटो काढत होते. कलालबांगडी तोफेपुढे तर रांगच होती. मी किल्ल्याकडे पाठ करून किनाऱ्याचा फोटो घेतला : राजपुरीची घरं, वाळत घातलेली जाळी, धक्क्याला लागलेल्या होड्या आणि मागे हिरवा डोंगर. सूर्य आपल्या पाठीशी असल्यामुळे त्या वेळी किनारा लख्ख दिसतो. उलट, संध्याकाळी किनाऱ्यावरून जंजिरा पाहिला तर सूर्य किल्ल्यामागे जातो आणि किल्ल्याची नुसती काळी आकृती उरते. पोस्टकार्डांवर असते ती हीच. सुंदर असते, पण तीत ना दरवाजा दिसतो, ना माणूस.

परतीच्या होडीत मी भाच्याला शब्द मोजायला लावले. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’वरून, म्हणजे जहाजाचा धनी. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून. खलाशी अरबी, बंदर फारसी, गुराब अरबी. आरमार पोर्तुगीज ‘आर्माडा’वरून. मोसमी वाऱ्यातला मोसम अरबी. आणि दर्या? उर्दूत दरया म्हणजे नदी. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. फारसीत तो समुद्रच आहे. म्हणजे फारसीचा तो अर्थ आमच्या उर्दूने सोडला आणि कोकणच्या कोळ्यांनी जपला. हे ऐकून होडीवाले दादा म्हणाले, “म्हणजे आम्हाला फारसी येते म्हणा की, मॅडम.” मी म्हटलं, “येतेच. रोज बोलता.”

प्रदर्शनात दहाव्या फोटोच्या जागी आम्ही फोटो लावलाच नाही. तिथे एक कोरा कागद लावला, वर ‘समुद्राचे शब्द’ असं लिहिलं आणि मुलांना घरून शब्द आणायला सांगितले. पालकांपैकी एक जण बोटीवर कामाला आहेत. त्यांनी मुलीबरोबर एकोणीस शब्द लिहून पाठवले. त्यातले सहा मला ठाऊक नव्हते. त्या कागदाला दोन दिवसांत दुसरा कागद जोडावा लागला.